लाल पोटाचं, काळ्या पोटाचं

माझं शिक्षण सातवीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच असतील, माफ करा. पण पालघरच्या एका हायस्कुलात मी दोन वर्षं लॅबोरेटरीत टेम्पररी शिपाई होतो. शिकलेल्या माणसांत वावरलं की किस्से आपोआप साठतात. रोज झाडून काढले तरी संपत नाहीत!

*

सायन्सच्या सबनीस सरांना फुलपाखरांचा भारी शौक. जाळं घेऊन धावायचो मात्र मी! ते छत्रीखाली बसून ओरडायचे, "घाबरवू नकोस त्याला!" एकदा त्यांनी बसल्या जागी स्वतः एक पकडलं. वाळकं पान निघालं!

*

पालघरजवळच्या माहीमला आमची वाडी, तिथं दोन जातींची फुलपाखरं दिसायची. दोघांचे पंख काळे, मध्ये पांढरे डाग, कडेला लाल ठिपके. एकाचं पोट लाल. ते विषारी वेलीवर वाढतं, म्हणून पक्षी त्याला शिवत नाहीत, आणि ते मिजाशीत सावकाश उडतं. दुसऱ्याचं पोट काळं. ते लिंबावर वाढतं. विष नाही, नुसतं सोंग! जरा काही हललं की पळत सुटतं.

सर म्हणाले, "दोन्ही एकच!"

"सर, अळ्या वेगळ्या असतात..."

"सातवी ना रे तू?"

सगळी स्टाफरूम हसली.

घरी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "बुलबुल फसतो तं फसतो, आन् तुजे सर पन फसले?"

*

शाळेत प्रदर्शन होतं, ते बघायला शिक्षणखात्याचे साहेब येणार होते. हेडमास्तर म्हणाले, "फुलपाखरांची पेटी चांगली कर. तुला कायम करायचं साहेबांच्या कानावर घालतो." मी जीव ओतून पेटी केली.

आदल्या दिवशी लाल पोटाचं सरांच्या हातून मोडलं. म्हणाले, "मुंग्यांनी खाल्लं." मुंग्यांनी सरांचा चष्मा लावला असेल!

"सर, सकाळी वाडीतून नवं आणतो."

"कशाला? काळं आहे ना अजून एक?"

हेडमास्तर ज्या शाईनं मस्टरवर लेटमार्क करायचे, ती लाल शाई सरांनी मागवली. आणि ब्रश!

*

साहेबांनी पेटी उघडायला लावली. फुलपाखराला बोट लावलं. बोट लाल!

"हे कोणी केलं?"

"शिपायानं, साहेब," सबनीस सर म्हणाले. "कमी शिकलेला आहे."

हेडमास्तर छताकडे बघत राहिले. माझ्या नोकरीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सबनीस सर उशिरा आले. हेडमास्तरांनी मस्टर पुढे ओढलं आणि लाल शाई मागितली.

मी दिली. ब्रशसकट.