बिननवऱ्याची हळद

मी आयुष्यात एकदाच हळदीला बसले आहे, आणि त्या लग्नाला नवरा नव्हता.

पळून गेला वगैरे काही नाही. नवरा मुळात नेमलेलाच नव्हता! तरीही माझ्या अंगाला हळद लागली, आमच्या दोह्याच्या फ्लॅटमध्ये मटण शिजलं आणि पेणच्या आत्याने फोनवर आनंदाश्रू ढाळले. या सगळ्या प्रकाराचा मी जाहीर निषेध करते. तो करायला थोडा उशीर झालाय, हे मान्य.

आधी पार्श्वभूमी. कॉलेजात असताना मी 'हळदीचा थाट, बापाची वाट' नावाचं पत्रक लिहिलं होतं (दोन्ही बाजूंनी छापील, खाली सात मागण्या). ते मी पेणच्या एसटी स्टँडवर उन्हात उभी राहून वाटलं. पुढे नोकरीसाठी आईबाबांकडे कतारला आले तरी दर लग्नसराईला नातेवाइकांच्या ग्रुपवर ते टाकायचा नेम मी मोडला नाही. आईने ते एकदा चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाली, "मुद्दे बराबर हान. पन वाचाला जड जातंय. याला चाल लाव."

कारण आई धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो. आधी धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन देवांना बोलावते, गाऊन हळद लावते आणि गाता गाता नवरीच्या मामाची लाजही काढते. आईने हे सगळं तिच्या आजीकडून उचललं आणि बाबांच्या क्रेन ऑपरेटरच्या नोकरीमागोमाग दोह्याला आणलं. इथे तिने त्यात भर घातली. व्हिसावर गाणं, कंपनीच्या बसवर गाणं, आमच्या बिल्डिंगच्या कायम बंद लिफ्टवर तर तीन कडवी! अल मुंतझापासून इंडस्ट्रियल एरियापर्यंत आगरी माणसाच्या घरात कार्य निघालं, की पहिला फोन आमच्याकडे यायचा.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. एकही गाणं कागदावर नव्हतं.

मी तातडीने 'धवला बचाव कृती समिती' स्थापन केली. सदस्य दोन: मी आणि बाबा. (बाबांनी ग्रुप म्यूट केला होता, हे मला नंतर कळलं.) ज्यांच्या ज्यांच्या लग्नात आई गायली, त्या सगळ्यांकडून मी व्हिडिओ मागवले. ढीग आला! त्यात नवरीचे दागिने होते, बिर्याणीचं पातेलं होतं, एका काकांचा नाच होता. आईचं फक्त कोपर होतं. बाकी सगळा डीजे. माझी मागणी क्रमांक तीन 'डीजे हटवा' हीच होती, पण ऐकतो कोण!

आता एकच आशा उरली होती, पारूमावशी. आई ओळ म्हणायची आणि मावशी ती मागून झेलायची. वीस वर्षं हीच जोडी. मावशी अल नस्रला मुलाकडे राहायची. मुलाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि शनिवारच्या विमानाने सगळे कायमचे गावी निघणार होते. मी गुरुवारी माइक घेऊन धडकले.

"मावशी, गा."

मावशीने खोलीभर नजर फिरवली. "नवरी नाय, हलद नाय, मांडव नाय. कोनाला गाऊ? फ्रीजला?"

"नुसतं रेकॉर्डिंग करायचंय हो."

"धवला नुसता नसतो गो पोरी. हलद लागल्याबिगर माज्या तोंडान शब्दच येत नाय. तुजी आय म्हनायची, फुकाट गायलेला धवला देवाच्या कानाव जात नाय."

मी तिला लोकसंस्कृतीच्या जतनावर वीस मिनिटं समजावलं. तिने तेवढ्यात दोन बॅगा भरल्या.

घरी येऊन मी बाबांसमोर संताप व्यक्त केला. बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "मग तूच बस हळदीला."

"बाबा! मी पत्रक लिहिलंय!"

"पत्रकात खर्च नको लिहिलंय. हळद घरात आहे."

मी सातही मागण्या पुन्हा तपासल्या, आणि बाबा बरोबर निघाले. हे माझ्या चळवळीच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं.

शुक्रवारी सकाळी दहाची वेळ ठरली. मी आचारसंहिता टाइप करून दारावर चिकटवली: उपस्थिती तीन, फोटो नाही, जेवण नाही. मावशी आली. तिने आचारसंहितेवरच पिशवी अडकवली आणि म्हणाली, "सवाष्नी कुटं हान? पाच लागतान."

पाच सवाष्णींना फोन गेले. अकरा आल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या रत्नागिरीच्या फरीदाभाभी मिक्सर परत द्यायला म्हणून आल्या आणि मला पाटावर बसलेली पाहून किंचाळल्या, "अगो बाय! आनी आमाला सांगलांस नाय!"

"भाभी, हे नाटक आहे."

"लगीन म्हंजे नाटकच गो!" असं म्हणून त्या घरी पळाल्या आणि ईदच्या सजावटीतली चंदेरी झालर आणून त्यांनी माझ्या कपाळाला मुंडावळ्या म्हणून बांधली.

"आनी मटन?" मावशीने विचारलं. आगऱ्याची हळद आणि मटण नाही, हे ऐकून सवाष्ण क्रमांक सहाने पदर तोंडाला लावला. बाबा 'जरा खाली जाऊन येतो' म्हणाले आणि अर्धा बोकड घेऊन आले. लिफ्ट बंद, म्हणून तीन जिने चढून! बिल्डिंगभर बातमी पोचायला तेवढा वेळ पुरला.

मी माइक सुरू केला. मावशीने हळदीत बोटं बुडवली, डोळे मिटले, आणि खरंच, गळा उघडला!

*पयली हलद गो कोनाला, कोनाला,*
*मांडवाचे देवाला*
*दुसरी हलद गो कोनाला, कोनाला,*
*विसा देनाऱ्या सायबाला*
*तिसरी हलद गो कोनाला, कोनाला,*
*लिफ्टच्या बंद दाराला*

आईचंच! अगदी तिचंच! माझ्या अंगावर काटा आला, त्यावर हळद बसली. पण पुढच्या कडव्यात 'लेक परक्याची ठेव' असं आलं आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आक्षेप! मुलगी म्हणजे ठेव नव्हे!"

"गप बस गो," मावशी म्हणाली. "तुज्या आयचा हाय."

"आईचं असलं तरी आक्षेप!"

तेवढ्यात फोन वाजला. कोणीतरी फोटो टाकला होता. आत्या पेणहून रडत होती. "प्राची, नवरा आपल्यातला ना गो?"

"नवरा नाहीये, आत्या."

"नाय तर नाय. पन कुटला हाय?"

पाठोपाठ मॅनेजरचा मेसेज आला: 'काँग्रॅच्युलेशन्स! लीव्ह अप्लाय क्यों नहीं किया?' मी पाटावर बसून, पिवळ्या हातांनी, पिवळ्या स्क्रीनवर खुलासा टाइप करू लागले. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तर आहेर काय द्यावा यावर मतदान सुरू झालं. मी उभी राहून ओरडले, "बंद करा हे सगळं! खलास!"

"बस खाली," मावशी म्हणाली. "आता तुजा हाय."

"माझं काय?"

"तुजा धवला. आयन तुज्या हलदीसाटी बांधून ठेवलता. मना पाट करून घेतलता, दवाखान्यान."

मी बसले. मिक्सर थांबला. बाबा स्वयंपाकघराच्या दारात रश्शाचा डाव घेऊन उभे राहिले.

*माजी लेक गो शानी, कागुद वाटीत जाय*
*नवरा आयला दारान, त्याला निवेदन देय*
*नवरा वाचून दमला, उंबऱ्याव बसून राय*
*आतशी बोलली आय गो, बोलली आय...*

आणि मावशी थांबली. तिने हात पुसले.

"पुढे?" मी म्हटलं.

"पुरच्या कडव्याला नवरा लागतो."

"मावशी, काय बोलली आई?"

"तिनं शपत घातलीय. नवऱ्यासंगं जोरीनं बसल्याबिगर पुरचा म्हनाचा नाय." मग जरा मवाळ होऊन म्हणाली, "मी गावाला हाय. पन बेगीन कर. माजं गुडगं नि याद, दोनी चाललीन."

बाबा डाव घेऊन आत वळले. मटणात मीठ जास्त पडलं. कोणीही तक्रार केली नाही, मीसुद्धा नाही.

शनिवारी मावशीचं विमान गेलं. मी रेकॉर्डिंग ऐकायला बसले. चाळीस मिनिटांत कुकरच्या नऊ शिट्ट्या आहेत, फरीदाभाभींचं हसू आहे, स्पीकरवर आत्या आहे, आणि या सगळ्यावर ताण करून माझे आक्षेप आहेत. आईचा वारसा ज्यांनी बुडवला त्या डीजेवाल्यांत आता माझंही नाव घ्यावं लागेल. सबंध फाइलमध्ये फक्त चार ओळी स्वच्छ ऐकू येतात, कारण तेवढ्या वेळात मी गप्प होते.

त्या चार ओळी मी रोज ऐकते. रोज नवरा उंबऱ्यावर बसतो, रोज आई आतून काहीतरी बोलायला तोंड उघडते, आणि फाइल संपते. आयुष्यभर तिने माझ्याशी एकदाही वाद घातला नाही; शेवटचा मुद्दा मात्र गाठ मारून ठेवला!

तेव्हा समितीने (दोन विरुद्ध शून्य मतांनी) ठराव केला आहे. माझं नवं पत्रक छापून तयार आहे. दोन्ही बाजूंनी. वर माझा फोटो, उंची, शिक्षण. खाली मागणी एकच: वर पाहिजे. उंबऱ्यावर बसून हे पत्रक शेवटपर्यंत वाचण्याची तयारी असावी.

बाबांनी प्रूफ तपासलं आणि एकच दुरुस्ती सुचवली. "वाचायला जड आहे," म्हणाले. "याला चाल लाव."