झल्लाकच्या धुक्यातले बार

विमान उतरत होतं तरी बहरीन दिसत नव्हतं. खिडकीखाली नुसता पांढरा थर, आणि त्यातून चारदोन उंच इमारतींची टोकं तेवढी वर आलेली. शेजारी बसलेला चिपळूणचा गृहस्थ इथे बरीच वर्षं ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "थंडीत असंच असतं मॅडम. वारा पडला की धुकं उठायचं नाव घेत नाही." मी मात्र रणरणत्या उन्हाच्या तयारीनं आले होते. सुती साड्या, टोपी, काळा चष्मा.

कराडला मी मुलींना एअर रायफल चालवायला शिकवते. माझा धाकटा भाऊ महेश इथे एसी दुरुस्तीचं काम करतो. त्याच्या ओळखीचे एक निवृत्त बहरीनी गृहस्थ आहेत, बू खालिद (खालिदचे वडील, इथे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात). त्यांना जुन्या रायफलींचा नाद. एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या, खालचा लोखंडी दांडा ओढून उघडायच्या. रीतसर परवाने काढून त्यांनी त्या सांभाळल्या आहेत. बहीण नेमबाजी शिकवते असं महेश सहज बोलून गेला, तर ते म्हणाले, "लेके आओ." अशी रायफल मी फक्त चित्रात पाहिली होती. रजा टाकली आणि निघाले.

महेशचं घर हमद टाउनमध्ये. तिथले पत्ते गोल चौकांवरून सांगतात. घराच्या पुढे दुकानं, लाँड्री, बसचा थांबा. सगळं ओळखीचं वाटावं असं. मागच्या खिडकीतून मात्र मातीचे उंचवटे दिसतात, एकाला एक लागून, नजर पोचेल तिथवर. मी विचारलं तेव्हा मोबाइलमधून मान वर न करता माझी भाची सई म्हणाली, "आत्या, इट्स जस्ट ग्रेव्ज. व्हेरी ओल्ड."

वैशालीनं, महेशच्या बायकोनं, चहा ठेवता ठेवता पडदा ओढून घेतला. "मी ती खिडकी उघडत नाही ताई. भीतीबिती काही नाही. पण एकदा बघायला लागलं ना, की बघतच बसावंसं वाटतं. तेच मला नको वाटतं."

दुसऱ्या दिवशी ती मला बाब अल बहरीनच्या बाजारात घेऊन गेली. जुनी रायफल खांद्याला जोरात लाथ मारते असं महेशनं सांगितलं होतं, म्हणून मला जाड कापूस भरलेलं काहीतरी हवं होतं. कापडवाल्याला माझं हिंदी कळेना. त्यानं आधी रजई दाखवली, मग बाळाची दुपटी. शेवटी मी खांद्यावर हात आपटून दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "दर्द है? फार्मसी सामने है." आम्ही दोघी हसत बाहेर आलो आणि गल्ली चुकलो. धुक्यात सोन्याच्या दुकानांचे दिवे सगळीकडे सारखेच दिसत होते. जाड काही मिळालं नाही ते नाहीच.

शुक्रवारी महेशनं सकाळीच हाक मारली. "आवर ताई. म्हातारा वेळेचा पक्का हाय."

बू खालिद राहतात त्या झल्लाक गावाकडे जाताना रस्ता गाडीच्या पुढे थोडासाच असायचा, मागे तोही नाही. मधूनच रस्त्याकडेला एखादा उंट दिसे. गाडी जवळ जाईपर्यंत तो उंट नसून पाण्याची टाकी असे. 

बू खालिदची बाग समुद्रापासून आत आहे. खजुराची झाडं, पांढरं बैठं घर, आणि घरापासून दूर मोकळ्या वाळूत गोळ्या अडवायला उभारलेला मातीचा उंच बंधारा. परवानगी घेऊन ते तिथे नेम धरतात. उंच, सडपातळ माणूस, पांढरीशुभ्र दाढी. मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीत) त्यांनी आधी बलालीत (गोड शेवया, वर अंड्याचं आमलेट) खायला लावलं. गोडावर अंडं हे मला विचित्र वाटलं, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"पहले खाना, बाद में तुफग," ते म्हणाले.

तुफग म्हणजे रायफल. मी म्हटलं, आमच्याकडे पोवाड्यात 'तुपक' म्हणतात. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, तुपक, तुपक, आणि खूश होऊन गहवा (वेलचीची कडू कॉफी) पुन्हा ओतला.

बराच वेळ त्यांनी मला काडतूस दिलंच नाही. रायफल लांब होती, आणि जडही. दांडा खाली ओढला की नळीच्या मागचा ठोकळा खाली जायचा, नळीचं तोंड उघडं पडायचं. दांडा वर घेतला की खट् करून बंद. तेवढंच मी करत राहिले. उघड, आत बघ, बंद कर. मग मागचा लाकडी दस्ता खांद्याच्या खोबणीत गच्च बसवायचा, गाल लाकडाला टेकवायचा. माझी एअर रायफलची सवय बोटाच्या टोकावरची. इथे सगळं अंग लावावं लागत होतं. बू खालिद म्हणाले, "इसमें एक ही गोली है. तो आदमी जल्दी नहीं करता. यही सीखने का."

पहिलं काडतूस त्यांनी हलकं दिलं, कमी दारूचं. कानांवर जाड टोपणं चढवली. बंधाऱ्यापुढची नेमाची लाकडी चौकट धुक्यात जेमतेम दिसत होती. मी चाप ओढला. खांदा मागे गेला, पांढरा धूर उठला आणि वारा नसल्यामुळे तिथेच उभा राहिला. धूर कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळेना.

मी टोपणं काढली. तेव्हा ऐकू आलं. लांबून, उंच, थरथरता सूर. बाईचा.

"ऐकलंस?" मी महेशला विचारलं.

"पक्षी आसंल," तो म्हणाला, पण त्यानं हाताची घडी घातली.

बू खालिदना विचारलं. त्यांचं ऐकणं वयानं कमी झालं आहे. थोडा वेळ कान देऊन ते म्हणाले, "मफी (काही नाही). इधर कोई नहीं आता." ते स्वतः बंधाऱ्यापर्यंत चालत गेले, दोन्ही बाजू पाहून आले. सगळं मोकळं होतं. मग त्यांनी दुसरं काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं.

नेम धरला, चाप ओढला. नुसतं टक् वाजलं.

कधीकधी काडतूस उशिरा पेटतं. म्हणून अशा वेळी रायफल उघडायची नाही, वळायचं नाही. नळी बंधाऱ्याकडे रोखून थांबायचं. बू खालिदनी हात वर करून तीच खूण केली. मी थांबले.

आणि चौकटीशेजारी कोणीतरी उभं होतं.

काळा अबाया (बायकांचा पायघोळ झगा) घातलेली ठेंगणी आकृती. ती आली कशी हे मी पाहिलं नाही. आधी नव्हती, मग होती. माझ्या नळीसमोर, अगदी रेषेत.

मी चापावरचं बोट बाहेर काढलं आणि नळी हळूहळू डावीकडे, बंधाऱ्याच्या लांबच्या टोकाला, खाली वाळूकडे नेली.  "महेश, तिथं बाई आहे," मी म्हणाले. बू खालिदनी पाहिलं, त्यांच्या तोंडून नुसतं "मोज़ा" एवढंच निघालं, आणि दोघंही उजवीकडून धावत धुक्यात शिरले.

मला हलता येत नव्हतं. हातात न उडालेली रायफल, ती कधी उडेल सांगता येत नाही. दोघांच्या हाका ऐकू येत होत्या, पुढे, आणखी पुढे. मग माझ्या पाठीमागे वाळू करकरली.

त्यांना चुकवून ती माझ्याकडे आली होती. मी नजर वाळूवरून न काढता मराठीतच म्हणाले, "माझ्या मागे राहा. पुढं येऊ नका." तिला काय कळलं कोण जाणे, ती मागेच थांबली. तिचा श्वास मानेला लागत होता. तिनं हात पुढे करून माझ्या गालावरची काजळी पुसली. बोटं बर्फासारखी थंड. आणि कानापाशी तोच सूर काढला, यिबाब (लग्नात बायका जीभ हलवून काढतात तो आनंदाचा सूर). इतक्या जवळून ऐकलेला आनंदाचा आवाज मला कधी इतका परका वाटला नव्हता.

दोघं परत आले तेव्हा बू खालिदचा चेहरा राखेसारखा झाला होता. मोज़ा या आपल्या बहिणीला महेशकडे देऊन त्यांनी रायफल माझ्या हातातून घेतली, आणखी वेळ जाऊ दिला आणि दांडा ओढला. काडतुसाच्या बुडावर, चाप ओढल्यावर आतून आपटतो त्या खिळ्याचा खोल, स्पष्ट ठसा उमटला होता.  "ये चलना था," ते एवढंच म्हणाले, आणि काडतूस पाण्याच्या बादलीत टाकलं.

मोज़ाबाई काहीतरी विचारत होत्या, पुन्हा पुन्हा तेच.

"पूछती है, दूल्हा किधर है," बू खालिद म्हणाले. "बहुत टाइम से वो बात नहीं करती. आज बोला." मोज़ाबाईंच्या लग्नात भावांनी याच रायफलींनी बार काढले होते. नवरा चांगला होता, संसार करून, म्हातारा होऊन गेला. बाईंच्या लेखी मात्र तो अजून यायचा होता. त्यांची देखभाल करणारी मुलगी स्वयंपाकघरात गेली होती आणि मागचं दार नुसतं लोटलेलं राहिलं होतं.

बू खालिदनी बहिणीचा हात धरून अरबीत उत्तर दिलं. मला त्यातलं फक्त 'इंशाल्ला' कळलं.

निघायच्या आधी त्यांनी माझ्याकडे एक मागणं केलं. त्यांनी बहिणीला खुर्चीत, आमच्या बरंच मागे बसवलं, अंगावर शाल घातली, कानांवर टोपणं चढवली. ती तिनं काढून टाकली, त्यांनी परत चढवली. मग नुसत्या दारूचं, गोळी नसलेलं काडतूस मला दिलं. नेम धरायचा नव्हता. मी बंधाऱ्याच्या वरच्या रिकाम्या धुक्यात बार काढला. मागून तो सूर आला, लांब, न तुटणारा. बू खालिद स्वतःची टोपणं हातात घेऊन उभे होते. त्यांना तो ऐकू गेला असावा, कारण ते घराकडे वळले आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

गाडीत महेश म्हणाला, "ताई, ती दुसरी गोळी उडाली असती तर?"  

कराडला आल्यावर खांद्यावरचा काळानिळा डाग बरेच दिवस होता. त्या सरावानंतर बू खालिदनी काडतुसं कपाटात बंद केली, रायफली मात्र रोज पुसतात, असं महेशनं फोनवर सांगितलं. मी मुलींना ही गोष्ट सांगते. त्यातली एखादी हटकून विचारते, मॅडम, ठसा उमटला होता, मग गोळी उडाली का नाही? दमट हवा असेल, जुनी दारू असेल, असं मी म्हणते. ते खरंही असेल. पण हे सांगताना माझा आवाज बदलतो, हे मुलींच्या लक्षात येतं. आणि त्या दिवशी सरावात कोणीही घाईनं चाप ओढत नाही.