येरवड्याच्या विहिरीतला जबडा

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खड्डा आहे. मागे मुळा-मुठेचं पात्र, उन्हानं पांढरं पडलेलं. डावीकडे बाभळी. उजवीकडे येरवड्याची माणसं, कपाळावर हात आडवे धरून खड्ड्यात वाकून पाहणारी. काळ पेशवाईचा. नदीपलीकडे पुण्यात या घटकेला चौघडे झडत असतील, सरदारांच्या पालख्या निघत असतील. निघू देत. तसले भरजरी प्रवेश मी जन्मभर केले आणि त्यांवर टाळ्याही घेतल्या. आज रंगमंचावर एक अनवाणी माणूस येतो आहे. त्याला जरा जागा करून द्या.

हा दत्तोबा. पुण्याच्या गुरांच्या बाजारात जनावराचे दात पाहून वय सांगणारा. घेणारा एकीकडे, विकणारा दुसरीकडे, आणि मधे हा. बैलाची नाकपुडी धरायची, अंगठ्यानं ओठ वर करायचा आणि मोठ्यानं बोलायचं, ‘दोन दाती!’ ‘चौदाती!’ आणि सगळे दात भरून आले असले तर ‘जुळलेला!’ त्याचा शब्द पडला की दोन्ही बाजू माना हलवीत. बाजाराचा कालवा एवढा, की दात दिसताक्षणी ओरडायची त्याला सवयच जडली होती. नाटकात संकेतावर वाक्य यावं, तसं वय त्याच्या तोंडून निघे.

खड्डा होता त्याच्या धाकट्या बहिणीचा, तुळजाबाईचा. तिचा नवरा मोहिमेवर गेला तो परत आला नाही. जाण्याआधी त्यानं इथंच विहीर खणायला घेतली होती. गेल्या पावसाळ्यात ती बुजून गेली. तो किती खोल खणत गेला होता, ते कोणाला आठवत नव्हतं. आता मुलीचं, मैनाचं, लग्न लोहगावच्या संभाजीरावांच्या घरी ठरलं होतं. वऱ्हाडाला स्वतःच्या विहिरीचं पाणी द्यायचं, एवढी तुळजाबाईची हौस. बेलदार कामाला लागले, आणि पाणी लागेल असं वाटलं त्या दिवशी दत्तोबाही येऊन काठावर बसला.

गोट्यांच्या थरात पहार खणखणली. बेलदारानं टोपलीत घालून काहीतरी वर पाठवलं. जबड्याचं हाड. कोपरापासून बोटापर्यंतच्या हाताहूनही लांब, काळपट, आणि जड इतकं की टोपलीचा काठ वाकला. दत्तोबानं धोतराच्या सोग्यानं चिखल पुसला. दाढांच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या रेघा उमटल्या होत्या.

“घोडं न्हाई, गोरू हाय!” तो ओरडला. “जुळलेलं! चांगल्या झिजल्यात दाढा, म्हातारं होतं!”

“गाय का बैल?” पाटील सर्जेराव जवळ आले.

“गाय असावी. जबडा निमुळता हाय.”

एवढं बोलून त्यानं कौतुकाच्या अपेक्षेनं वर पाहिलं. कोणी हसत नव्हतं. आदल्या वर्षी देवाच्या नावानं सोडलेली गावची गाय नाहीशी झाली होती. नदीनं नेली असं काही म्हणत. काही काहीच म्हणत नसत.

“म्हातारी व्हती,” सर्जेराव हळूच म्हणाले. “आमची बी म्हातारीच व्हती.”

तेव्हा कुठे दत्तोबाला कळलं, आपण कोणाच्या खड्ड्याच्या काठावर उभे आहोत ते. “अवो पाटील, दगड हाय ह्यो! वाजवून बघा. ही आपली गाय कशी असंल? केवढा जबडा!”

“आमची गाय थोर व्हती,” मागून एक जण बोलला. “आन् मगाशी दगड न्हवता, दत्तोबा. भनीचा खड्डा आठवला तवा झाला.”

सर्जेराव वाईट माणूस नव्हते. पण गाय या खड्ड्यात मेली आणि घरच्यांनी ती इथंच पुरली, असा गोहत्येचा संशय म्हणजे सगळ्या गावाच्या माथी दोष. गोतसभा बसून निवाडा देईपर्यंत तुळजाबाईच्या घरचं पाणी कोणी प्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती.

सभेला नारायण पेठेतून दिगंबरशास्त्र्यांना बोलावलं. दत्तोबानं माळावरून मेलेल्या गाईचा जबडा आणून त्या हाडाशेजारी ठेवला. दाढा त्याच, रेघा त्याच. फक्त एक हलका, एक जड, आणि जड तो हलक्याच्या दीडपट. शास्त्र्यांनी दोन्ही उचलून पाहिले.

“दत्तोबा, गाईचंच हाड, असं तुम्हीच म्हणालात?”

“जी. गाईच्या जातीचं. खोटं कसं बोलू? पन ते जुनं हाय, महाराज. लई जुनं.”

“किती जुनं? यांच्या आज्यापणज्याच्या आधीचं ठरलं, तर या बाईला दोष नाही. मी आत्ता उठतो आणि घरी जेवायला जातो.”

तुळजाबाई पदराआडून भावाकडे पाहत होती. मैना तिच्या पाठीशी. दत्तोबानं हाड पुन्हा हातात घेतलं, दाढांवरून अंगठा फिरवला. जनावर किती जगलं ते त्याला दिसत होतं. मरून किती काळ झाला ते त्या दाढांवर कुठेच नव्हतं.

“हाडाचा दगड झालाय, महाराज. हाडाचा दगड व्हायला किती वर्सं लागत्यात?”

“अहो, ते मीच तुम्हाला विचारतोय,” शास्त्री म्हणाले. लोक हसले. शास्त्री हसले नाहीत. त्यांनी आणखी एकदा विचारलं, अगदी मऊ आवाजात, “काही खूण? काही आधार? मला काहीतरी द्या हो.”

दत्तोबाचे ओठ हलले. शंभर, असं म्हणावं; दोनशे, असं म्हणावं. पण कशावरून, असं विचारलं तर? आता तर त्याच्या खऱ्यावरही कोणाचा विश्वास नव्हता. त्यानं हाड शास्त्र्यांसमोर परत ठेवलं.

निकाल लागला. विहीर बुजवावी. तुळजाबाईनं त्र्यंबकास जाऊन प्रायश्चित्त घ्यावं, मग गोताला जेवण घालावं. तोवर तिचं पाणी बंद. दत्तोबा उठून म्हणाला, “दोष माझ्या पदरात घाला, मी जातो त्र्यंबकाला.” शास्त्री म्हणाले, “दोष ज्याच्या जमिनीत, त्याचाच.” संभाजीराव लोहगावहून आले, पारावर बसूनच बोलले आणि दुसरी मुलगी पाहायला निघून गेले. त्यांनाही दोन मुली उजवायच्या होत्या. त्यांना तरी मी काय बोलू?

खड्डा बुजवून झाल्यावर दत्तोबा बहिणीच्या ओट्यावर येऊन बसला. समोरच्या पारावर अर्धं गाव होतं.

“तुळजे, पानी दे.”

ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली. तिच्या मागे नदीवरून आणलेल्या घागरी भरलेल्या होत्या. रस्त्यावरूनही दिसत होत्या.

“घरात पानी न्हाई, दादा,” ती म्हणाली. “ऊठ. वैनी वाट बघत आसंल. तुझी पोरंबाळं हायती. बाजारात उद्या तुला कुनी जनावराला हात लावू देनार न्हाई.”

दत्तोबानं घागरींकडे पाहिलं. मग पागोटं काढून शेजारी ठेवलं.

“बरं,” तो म्हणाला. “मी बसतो हितंच. तू देशील तवा पिईन.”