वायर काढलेला कंट्रोलर

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. आणि हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही हसले असते! अशा गोष्टी मी आजवर फक्त जेवताना टाइमपास म्हणून वाचल्या. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची — म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायचा पगार. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. तरीही हे घडलं... गेल्या दसऱ्याला, भर दुपारी, आमच्या माजलगावच्या घरात. आणि आई साक्षीला आहे.

माझे वडील, अण्णा, उभा जन्म ट्रक चालवत आले. गेल्या उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, पण उजवा हात लुळाच राहिला आणि बोलणं 'हं' आणि 'न्हाई' एवढ्यावर आलं. मी पुण्याहून लॅपटॉप उचलून घरूनच काम करायला आले. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत त्या हाताचं एखादं तरी बोट हललं पाहिजे, नाहीतर फार आशा धरू नका. त्यांनीच सुचवलं, गेम खेळायचा कंट्रोलर हातात द्या, बोटांना चाळा लागतो.

मी लगेच मागवला. दोन्ही हातांत धरायचा, अंगठ्यांनी फिरवायच्या दोन काड्या, चार बटणं, मागे बोटांनी ओढायचे दोन ट्रिगर. मुद्दाम वायरवालाच घेतला, ते ब्लूटूथचं झंझट नको म्हणून. लॅपटॉपवर ट्रक चालवायचा गेमही टाकला. म्हटलं, अण्णा खूश होतील... कसलं काय! त्यांनी डाव्या हाताने तो ढकलला, "न्हाई" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवसापासून त्यांनी व्यायामही सोडला. ज्या माणसाने आयुष्यभर खरं स्टेअरिंग धरलं त्याच्या हातात मी खेळणं दिलं होतं, त्यांना राग येणारच. पण मला त्या रागाची नाही, त्या भिंतीकडच्या तोंडाची भीती वाटायला लागली.

मग आली खंडेनवमी. आमच्याकडे दरवर्षी ट्रक धुऊन, झेंडूचा हार घालून पूजा व्हायची, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ. त्या वर्षी ट्रक चुलतभावाकडे, दार मोकळं. सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर होते, तेवढ्यात आईने माझ्या टेबलावरून कंट्रोलर उचलला आणि देवघरात नेला. मी जाऊन बघते तर काय — हळदीकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, आणि वरून नारळाचं पाणी!

"आई! अगं इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे ती!"

"आसू दे की. खंडेनवमीला ह्यांच्या गाडीची पूजा कधी चुकली न्हाई. तूच म्हणली ना, आता ह्याच्यावरच त्यांचा हात चालंल? मग हीच गाडी."

दोघींनी ठरवलं, अण्णांना यातलं काही कळू द्यायचं नाही. आधीच त्यांचा त्या वस्तूवर राग, त्यात तिची पूजा केली म्हटल्यावर झालंच.

मी तो कापसाने पुसला, गच्चीवर उन्हात ठेवला आणि दसऱ्याच्या दुपारी टेस्ट करायला बसले. ब्राउझरमध्येच कंट्रोलर तपासायची पेजेस असतात. वायर जोडायची, कुठलंही बटण दाबायचं, की स्क्रीनवर कंट्रोलरचं चित्र येतं. तुम्ही दाबाल ते बटण उजळतं, काडी हलवाल तसा गोलातला ठिपका सरकतो, ट्रिगर ओढाल तशी पट्टी भरते. खराब कंट्रोलरमध्ये हात न लावताही ठिपका एका बाजूला सरकत राहतो, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. मला तेच अपेक्षित होतं.

बटणं तपासली, सगळी ठीक. कंट्रोलर टेबलावर ठेवला... आणि ठिपका हलला! आधी डावीकडे, मग सावकाश उजवीकडे. डावा ट्रिगर, म्हणजे ब्रेक, अर्धा भरला, सुटला, पुन्हा भरला. गेलं नारळाचं पाणी आत, म्हणून मी कपाळाला हात लावला. पण ड्रिफ्ट असा नसतो हो! ड्रिफ्ट एकाच दिशेला, वेड्यासारखा. हे तर कुणीतरी समजून-उमजून करत होतं.

मी वायर उपटली.

ठिपका चालूच!

म्हटलं, पेज हँग झालं. रिफ्रेश मारलं. कोरं पान आलं — 'कंट्रोलर जोडा आणि बटण दाबा.' हुश्श केलं... आणि माझ्या डोळ्यांसमोर कंट्रोलरचं चित्र आपोआप परत आलं. वायर माझ्या हातात, लोंबकळत. आणि ब्रेकची पट्टी शांतपणे भरतेय! अंगावर सर्रकन काटा आला, पण खरं सांगू? भीतीपेक्षा मला उड्याच माराव्याशा वाटत होत्या.

"आई, पळ, पळ! हे बघ!"

आई तोरणाचा दोरा हातात घेऊनच आली. मी भराभर सांगितलं, हा ठिपका म्हणजे स्टेअरिंग, ही पट्टी ब्रेक, ही रेस, हे बटण हॉर्न. आईने स्क्रीनला डोळे लावले. लांबलचक उजवं वळण, ब्रेक, लगेच डावं. तिचा चेहरा बदलला.

"मने... आगं हे मांजरसुंब्याचा घाट उतरायलेत."

"कोण?"

"कोण म्हंजे? ह्ये! नवं लगीन झाल्यावर केबिनमधी बसून लई हिंडले मी. हे वळण मला झोपेत कळंल." तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "आता म्हसोबा येतोय. दोनदा हॉर्न वाजीवल्याबिगर ह्यांनी तिथून कधी गाडी काढली न्हाई. बघ आता."

ब्रेक पूर्ण भरला. ठिपका डावीकडे झुकला. आणि हॉर्नचं बटण उजळलं — एकदा... दोनदा!

मी किंचाळले. आम्ही दोघी धावत मधल्या खोलीत गेलो. अण्णा डोळे मिटून गाढ झोपलेले. आणि पांघरुणावर पडलेला तो उजवा हात, महिनोन्‌महिने ओल्या फडक्यासारखा पडून असलेला हात... त्याचा अंगठा हलत होता. पांघरुणात रुतत होता, सुटत होता, परत रुतत होता.

आई "आवंऽऽ!" म्हणून अशी ओरडली की गल्लीतली माणसं जमायची. अण्णांनी डोळे उघडले. आमच्याकडे बघितलं, वैतागून. आणि झटका आल्यापासूनचं पहिलं सबंध वाक्य बोलले, जड जिभेने, पण शब्दन्‌शब्द कळेल असं.

"कावून बोंबलायल्या गं? घाट तरी उतरू द्या की नीट!"

मी रडत होते की हसत होते, मला माहीत नाही. माझ्या टेबलावर परत जाऊन बघितलं तर पान कोरं होतं. त्या संध्याकाळी अण्णांनी आपट्याचं पान उजव्या हाताने घेतलं. आधी पडलं, मग चिमटीत धरलं.

आता तुमचे प्रश्न. ऑफिसमधला मित्र म्हणतो, ब्राउझरचा घोळ असणार. डॉक्टर म्हणतात, नस जागी व्हायची वेळ आलीच होती, बाकी योगायोग. दोघांनाही आपापला अर्धा भाग समजतो, उरलेला अर्धा ते दुसऱ्यावर ढकलतात! मी स्वतः सगळं परत करून पाहिलं — तीच दुपारची वेळ, अण्णा झोपलेले, रीतसर पुन्हा नारळ फोडला. आईने "सायबीण पूजा करायली" म्हणून चिडवलं ते वेगळंच. काही म्हणजे काही झालं नाही. ठिपका मधोमध. कंट्रोलर एकदम ठणठणीत.

अण्णा आता तो गेम रोज खेळतात. गेममधले रस्ते कुठल्यातरी परदेशातले, पण घाट आला की हॉर्न दोनदा वाजतोच, उजव्या अंगठ्याने. खंडेनवमीच्या पूजेबद्दल आम्ही दोघींनी त्यांना आजपर्यंत चकार शब्द सांगितलेला नाही. परवा मी सहज विचारलं, "अण्णा, त्या दसऱ्याला स्वप्नात काय दिसलं होतं तुम्हाला?"

खेळता खेळताच म्हणाले, "घाटच की. पर ब्रेक मारायला लई तरास झाला बघ. सगळं स्टेरिंग चिकट लागायलं होतं... कुनी नारळाचं पानी सांडलं होतं त्याच्यावर?"

आई दारातच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.