कॉम्प्रेसरवाला मावसभाऊ

माझ्या मावसभावाइतका ओशाळा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नाही. ऑटोवाला रस्ता चुकला तर माफी हा मागणार. पंगतीत शेजारच्याच्या वरणात मीठ कमी पडलं तर मान याची खाली. एकदा पिंगळी स्टेशनावर "आधी तुमी चढा, आधी तुमी" करता करता गाडी याला फलाटावरच ठेवून गेली, तर हा फोनवर मला विचारतो, "दादा, माझ्यामुळं गाडीला उशीर झाला असंल का हो?" असला माणूस परदेशात समुद्राच्या तळाशी भलेमोठे कॉम्प्रेसर बसवतो, हे लोकांना सांगताना मलाच थाप मारल्यासारखं वाटायचं.

त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही सोनपेठला गेलो. मुलगी त्याला बघताक्षणी आवडली, हे तो पोह्यांच्या रिकाम्या बशीतच चमचा फिरवत राहिला त्यावरून मला कळलं. तिच्या वडिलांनी कामाचं विचारलं आणि याने सगळं खरं सांगायला घेतलं. "समुद्राखालच्या गॅसचा दाब कमी व्हायलाय. गॅस हाय, पण आपल्या जोरावर किनाऱ्यापर्यंत येईना. म्हणून तळाशीच, विहिरीजवळ कॉम्प्रेसर ठिवून त्याला पुढं ढकलायलोत."

"म्हंजे तुमची विहीर आटायली म्हणा की!" वडील म्हणाले.

मी पायाने त्याचा पाय दाबला. "हो. कधीतरी आटणारच," हा म्हणाला. मला त्याची इतकी लाज वाटली, की "लय मोठे साहेब हायत ते!" अशी मी सारवासारव केली. "तसं काही न्हाई हो," यानेच ती पुसून टाकली.

मुलीने मात्र हळूच विचारलं, "आन् तिथं खाली मशीनजवळ कोण ऱ्हातं?"

"कुणीच न्हाई. किनाऱ्यावरून लक्ष ठिवावं लागतं," म्हणत त्याने पहिल्यांदा मान वर केली. पण आटत्या विहिरीवरच्या माणसाला मुलगी द्यायची नाही, असा निरोप लगेचच आला.

परवा त्याचा फोन आला. आवाजात कधी नव्हे तो उत्साह होता. "दादा, कॉम्प्रेसर चालू झाला! गॅस अजून लय वर्षं पुरंल." मग जरा चाचरत, "सोनपेठला कळवता का?"

त्या मुलीचं लग्न दिवाळीनंतरच झालं होतं. मी त्या लग्नात जेवलो होतो, नवरदेवाचं तोंडभरून कौतुकही केलं होतं, आणि याला मात्र अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"कळवतो," मी म्हणालो.

"तुमाला लय तरास देतो मी, दादा," तो म्हणाला. मला तोंड कुठं लपवावं तेच कळेना.