याडीला शिकवलेली वीस मिनिटं

दारव्ह्याजवळच्या आमच्या तांड्यात इंग्रजीचा गंधही नसलेलं माणूस शोधत मी दोन दिवस फिरले. पोरांचा उपयोग नव्हता, ती मोबाइलवरूनच रंग आणि जनावरं पाठ करून बसलेली. शेजारच्या म्हाताऱ्यानं तर मला "हाऊ आर यू, मॅडम" असं विचारलं आणि वर खो खो हसला. एरवी मला कौतुक वाटलं असतं. त्या दिवशी मात्र राग आला, कारण मला अगदी कोरा विद्यार्थी हवा होता.

मी दारव्ह्यातल्या एका शाळेत सहा वर्षं इंग्रजी शिकवत होते आणि व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या एका डोंगरी गावात मला नोकरी मिळायच्या बेतात होती. लोक फोटो काढायला जातात ते समुद्राकाठचं व्हिएतनाम वेगळं. हे गाव नकाशा बोटांनी चारदा मोठा केला की दिसायचं. मुलाखत झाली होती, कागद झाले होते, शेवटची एक अट राहिली होती. वीस मिनिटांचा धडा मोबाइलवर चित्रित करून पाठवायचा. विद्यार्थी एकच, पण पूर्ण नवखा. पुस्तक नाही, फळा नाही, त्याच्या भाषेतला एकही शब्द कुणी उच्चारायचा नाही. आणि वेळ संपायच्या आत त्यानं एक तरी इंग्रजी वाक्य आपल्या मनानं बोलायचं, मी वदवून न घेतलेलं. तिथल्या निम्म्या मुलांची घरची बोली वेगळी आणि शाळेची भाषा वेगळी, म्हणून असं शिकवता यायला हवं, असं तिथल्या मुख्याध्यापक बाईंनी सांगितलं. मी मनात म्हटलं, बाई, हे मला कशाला सांगता? माझ्या घरी बंजाऱ्यांची गोरबोली आणि शाळेत मराठी. पहिलीत मी दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नव्हतं.

तांड्यात कोरं माणूस एकच सापडलं, माझी याडी, म्हणजे आई. आणि मी जाऊ नये असं वाटणारं माणूसही तेच.

"लगन करून गेली असतीस तं संगं कोणी तरी असतं," ती म्हणायची. घरी आम्ही गोरबोलीच बोलतो, पण तुम्हाला समजावं म्हणून तिचं बोलणं इथं वऱ्हाडीत लिहिते. "तिथं आपली बोली कोणाले येते? माणूस मुकं होते, पोरी."

हे ती अनुभवानं बोलायची. माझ्या जन्माच्या वेळी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तिला मराठी धड येत नव्हती. कुठं दुखतंय ते हिला सांगता येईना आणि नर्सबाईंना कळेना. दोघीही रडकुंडीला आल्या होत्या म्हणे. ती गोष्ट ऐकत मी मोठी झाले आणि खरं सांगते, मला तिचा वैताग यायचा. पुण्याला शिकायला जायचं म्हटलं की दवाखाना, व्हिएतनाम म्हटलं की पुन्हा दवाखाना.

मी तिला काही लपवलं नाही. "तू एक वाक्य बोलली तं मी जाईन. नाही बोलली तं राहीन," असं सरळ सांगून टाकलं. तिच्याशी खोटं बोलून उपयोग नसतो, ती चेहऱ्यावरून ओळखते.

"बसीन मी," ती म्हणाली. "पण बोलणार नाही."

"मंग बसतं कायले?"

"तू कशी शिकवतं ते पाहाले."

दुपारी ओसरीत बसलो. बाला, म्हणजे वडलांना, ट्रॅक्टरपुरतं इंग्रजी येतं, म्हणून विद्यार्थी म्हणून तो बाद होता. त्याच्या हाती मोबाइल दिला आणि किती मिनिटं राहिली ते बोटांनी दाखव, असं बजावलं. मध्ये चटईवर पाण्याचा तांब्या, कांदा आणि मिठाचा डबा ठेवला. मी एकेक वस्तू उचलून नाव सांगितलं, "यू टेक" म्हणत बाच्या हाती दिली, परत घेतली. मग याडीपुढे हात केला. "गिव्ह मी सॉल्ट."

तिनं माझ्या डोळ्यांत बघत कांदा दिला.

तिला कळलं होतं, याची मला पैजेवर खात्री होती. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा कांदा. तिसऱ्या वेळी मात्र तिला राहवलं नाही. आपल्याला येत नाही असं कुणाला वाटावं, हे तिला खपत नाही. तिनं डबा माझ्या हातात जवळजवळ आपटला. त्यापुढे तिची एकही चूक झाली नाही. मी म्हणेन ते ती द्यायची, घ्यायची, उघडायची, झाकायची. ओठ मात्र शिवल्यासारखे बंद.

दहाव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं की हे मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकलेले नाही. कापूस वेचायला मध्य प्रदेशातून बायका येतात, त्यांना ना मराठी येते ना गोरबोली. याडी त्यांच्याबरोबर पऱ्हाटीच्या ओळीत उभी राहते. एक बोंड वेचून दाखवते, थांबते, चेहरा बघते, मग त्यांचा हात हातात घेते. मी चटईवर तेच करत होते, आणि ती ते बघत होती.

बानं दोन बोटं दाखवली. माझा आवाज बसायला लागला होता. वीस मिनिटं एकटीनं बोलायचं, तेही आईशी परक्या भाषेत! जन्मात मी तिच्याशी गोरबोलीशिवाय बोलले नव्हते. तिच्यापुढे बसून मलाच मुकं झाल्यासारखं वाटत होतं. मी "गिव्ह मी" म्हणायला गेले आणि खोकला आला. थांबेना. डोळ्यांत पाणी आलं.

याडीनं तांब्या उचलला. तोंड उघडलं, आणि थांबली. आपल्या बोलीत दोन शब्द म्हणाली असती तर धडा तिथंच बाद झाला असता, मी घरी राहिले असते आणि कुणी तिला दोष दिला नसता. हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिनं एकदा बाच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"टेक," ती म्हणाली. मग सावकाश, शब्द जुळवत, "यू टेक वॉटर."

बाच्या हातातला मोबाइल हलला. त्या चित्रणाच्या शेवटी आमच्या ओसरीचे पत्रे दिसतात.

ज्या एका वाक्यासाठी मी तांडा पालथा घातला होता ते ऐकलं, आणि मला पहिल्यांदा जायची भीती वाटली. मी घटाघटा पाणी प्यायले. बानं मोबाइल बंद केल्यावर तिला आमच्या बोलीत विचारलं, "काहून बोलली तू?"

"तुहा घसा सुकला होता," ती म्हणाली. "मंग मी का पाहत बसू?"