टायपिंगपुरतं नेटबुक

"तुम्ही नेटबुक घ्या. तुम्हाला टायपिंगपुरतं तेवढं पुरे."

काका हे बोलले त्याच्या क्षणभर आधीपर्यंत माझ्या हातात त्यांनीच फोनवर सांगितलेली यादी होती. क्वाड कोअर, आठ जीबी रॅम, मोठी हार्ड डिस्क. आठवड्यापूर्वी तासभर समजावलं होतं. भूजलाचं मॉडेल म्हणजे हेवी काम, इथे काटकसर करायची नाही, असं बजावलंही होतं. तेव्हा मी फक्त माझं नाव सांगितलं होतं.

काका नात्यातले नव्हेत, ओळखीतून नंबर मिळालेले; मूळ पुण्याचे, कॅनडात किचनर शहरात सॉफ्टवेअरमध्ये. मी लंडनला पीएचडी करत होते, इंग्लंडमधल्या नव्हे, तिथूनच जवळच्या ओंटारिओतल्या लंडनला. दसऱ्याला घरी या, यादी पक्की करू, म्हणाले. मी बसने गेले. बेसमेंटमध्ये चौरंगावर घरातले तीन लॅपटॉप पूजेला मांडलेले. प्रत्येकावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. पुढच्या वर्षी तुमचाही इथे ठेवू, असं काकू प्रेमाने म्हणाल्या. मग त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला.

बौद्धवाड्यात, मी म्हटलं.

काकू चहा टाकायला वर गेल्या. काकांनी माझ्या हातातली यादी घेतली, घडी घातली, स्वतःच्या खिशात ठेवली. मग ते नेटबुकचं वाक्य आलं. तसल्या छोट्या, कमी ताकदीच्या लॅपटॉपवर माझं मॉडेल चालणार नाही, मी म्हटलं.

"मॉडेल तुमचे प्रोफेसर रन करतील. तुम्ही रिपोर्ट टाइप करायचा. स्कॉलरशिपा तुम्हा लोकांना मिळतातच, पण झेपेल तेवढंच करावं."

आणि मी काय म्हटलं? "बरं, काका." त्यांच्या बोलण्याहून मला या दोन शब्दांची लाज जास्त वाटते. माझे वडील तालुक्याच्या कचेरीत शिपाई. साहेबापुढे असंच बरं म्हणायचे. पोरीला ते म्हणावं लागू नये म्हणून त्यांनी मला शिकवलं.

मी नेटबुक घेतलं. खरंच घेतलं. सॉफ्टवेअरवाल्या माणसाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शिवाय आतून मलाही वाटलंच, आपल्याला नसेल झेपत.

मॉडेल सुरू व्हायचं, अडकायचं. पुन्हा सुरू, पुन्हा अडकलं. माझ्या गाइड बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि अगदी चांगल्या मनाने विचारलं, "शुड वी मेक द मॉडेल स्मॉलर?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॉडेलमध्ये मी उन्हात फिरून मोजलेल्या विहिरी होत्या. त्यातल्या निम्म्या गाळायच्या? कशासाठी? माझं घर गावाच्या कुठल्या बाजूला आहे ते एका माणसाला कळलं म्हणून?

"नो," मी म्हटलं. "आय विल चेंज द मशीन."

त्याच दिवशी नेटबुक रिटर्न केलं. काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं. चुकीच्या माणसाला विचारलं, असं मी इंग्रजीत सांगितलं. ती हसली. मी हसले नाही. यादी मला पाठ होती. तसाच लॅपटॉप मागितला, कारण काकांचा पहिला सल्ला चोख होता. तो त्यांनी मला माणूस समजून दिला होता.

मॉडेल चाललं. एकही विहीर न गाळता.

आता कुणालाही काही विचारायचं असलं की मी नावाआधी आडनाव सांगते. वाडाही सांगते. ज्याला आपला सल्ला बदलायचा असेल, त्याने तेव्हाच फोन ठेवावा. मला काय झेपतं ते ठरवायला मी आहे.